घर, रान आणि मंडप

गोंदियाहून दक्षिणेला निघालेला रस्ता गोरेगाव मागे टाकतो, मुरदोलीच्या जंगलातून जातो आणि कोहमाऱ्याला येऊन मुंबई–कोलकाता महामार्गाला मिळतो. फाट्यावर उभं राहिलं की पश्चिमेला साकोली, भंडारा आणि नागपूर, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड. महामार्ग ओलांडून तसंच दक्षिणेला गेलं की नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि वडसा. रायपूरकडून आलेला मालट्रक, गोंदियाच्या दवाखान्यात निघालेलं कुटुंब, तांदळाचे कट्टे वाहणारी गाडी, वडशाहून नाटकाचं सामान घेऊन निघालेला टेम्पो, या साऱ्यांना हा फाटा लागतो. गाव सडक अर्जुनी तालुक्यात आहे. दोन अर्जुन्यांपैकी मोठ्या रस्त्यावरची ती 'सडक अर्जुनी' आणि आतली ती 'अर्जुनी मोरगाव', इतकं या भागाचं जगणं रस्त्याशी बांधलेलं आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण माणसं आजही स्वतःच्या मुलखाला जिल्ह्याच्या नावाने ओळखत नाहीत. ती म्हणतात, आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातले.

या पुस्तकाचा विषय आहे नैतिक मूल्यं: घरात जगली जाणारी, पर्यावरणाच्या धोरणात लिहिली जाणारी आणि लोकांच्या करमणुकीतून बोलली जाणारी. एवढ्या मोठ्या विषयाची सुरुवात या फाट्यापासून करायला एक कारण आहे.

10 ऑगस्ट 2023 ची रात्र. पावसाळ्याचे दिवस, दोन्ही बाजूंना दाट जंगल. गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ एक तरुण वाघ रस्ता ओलांडत होता. भरधाव आलेल्या मोटारीची त्याला धडक बसली. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं. जखमी वाघ उठायला धडपडतो, शरीर कसंबसं ओढत रस्त्याच्या कडेच्या झुडपांत शिरतो, एवढंच त्या काही सेकंदांत दिसतं. वनखात्याची माणसं पोचली, वाघ सापडला, त्याला उपचारासाठी नागपूरला नेण्यात येत होतं. वाटेतच त्याने प्राण सोडला. सकाळपर्यंत ते चित्रीकरण जिल्ह्यातल्या हजारो मोबाइलवर पोचलं होतं आणि दुपारपर्यंत देशभर.

त्या एका घटनेत या विषयाचे तिन्ही पदर दिसतात. हा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याचा आहे, हे सरकारी कागदांवर आधीच नोंदलेलं होतं. जंगलातून जाताना गाडी हळू चालवावी, हे चालवणाऱ्याला कुणी शिकवावं लागू नये. आणि एका मुक्या जनावराचा शेवट पाहून लाखो माणसं हळहळली, ती हातातल्या पडद्यावर. धोरण होतं, हळहळही होती. वाघ मात्र गेला. या दोन्हींच्या मध्ये जे असायला हवं होतं आणि नव्हतं, त्याचा शोध हा या पुस्तकाचा गाभा आहे.

आपल्याकडे या तीन गोष्टी तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय आहे. संस्कार म्हटलं की आई-वडील, शाळा आणि सुविचारांचा फळा. पर्यावरण म्हटलं की मंत्रालय, वनखातं आणि कोर्ट. नाटक-सिनेमा म्हटलं की करमणूक. झाडीपट्टीत हे कप्पे टिकत नाहीत. इथल्या घराची चूल रानातल्या काडीवर पेटत आली, रानाचा नियम कुळाच्या देवाशी जोडलेला राहिला आणि घरातलं भांडण दिवाळीनंतर मंडपात नाटक होऊन उभं राहिलं. या मुलखाकडे पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. मूल्य खरं आहे की नाही, हे ते पाळायला कुणाला किती सोसावं लागतं आणि ते सोसणं कोण कोण वाटून घेतं, यावरून कळतं.

घरापासून सुरुवात करू.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. डोंगरात मोठ्या गुहा आहेत आणि दर माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज तिथे लोटतो. पारी कुपार लिंगोने समाजाला गोत्रांची व्यवस्था लावून दिली, अशी तिथली श्रद्धा आहे. गोंडी परंपरा असं सांगते की प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड आपलं मानायचं. त्यांना मारायचं नाही, तोडायचं नाही, इजा करायची नाही. गोत्रं साडेसातशे मानली जातात. म्हणजे समाजाने मिळून रानातल्या दोन हजारांहून जास्त जीवांची राखण आपसांत वाटून घेतली. एका घरात एका झाडाला हात लागत नाही, तर शेजारच्या घरात दुसऱ्या. सारं सगळ्यांना वर्ज्य केलं असतं तर माणूस जगला नसता, आणि काहीच वर्ज्य नसतं तर रान उरलं नसतं. निसर्गरक्षणाचा एवढा मोठा विचार लग्नसोयरीक ठरवताना विचारल्या जाणाऱ्या गोत्रात बसवलेला आहे. मुलाला तो पाठ करावा लागत नाही. आपण कोण, या प्रश्नाच्या उत्तरातच तो येतो.

पाण्याचंही तसंच. कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे गेलं की डोंगरांच्या कुशीत सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव पसरलेला दिसतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानलं जातं. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाला पुढे देवपण मिळालं. तलाव बांधणारा माणूस कोलासूर होऊन बांधावर पुजला जातो, ही गोष्ट इथल्या मूल्यांबद्दल पुष्कळ सांगून जाते. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जवळपास सात हजार तलाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या काळात ते राखले गेले म्हणून त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', आणि लोकांच्या तोंडी नुसतं 'मामा तलाव'. वरच्या तलावातून सांडलेलं पाणी खालच्या बोडीत, बोडीतून धानाच्या बांध्यांत. पाळ दुरुस्त करायला घरटी माणूस जायचा. कुणाच्या बांधीला कधी पाणी, हे गाव ठरवायचं.

हे चित्र गोड करून सांगण्याचा मोह टाळायला हवा. तलाव मालगुजाराचा होता, तेव्हा त्याच्या शब्दापुढे कुणाचं चालत नव्हतं. ज्यांनी टोपल्या वाहून पाळ रचली त्यांच्या नावाने देऊळ उभं राहिलं नाही. पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट असलेला ढिवर समाज गावाच्या कडेला राहिला. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जुना अन्याय कायद्याने मिटला, हे चांगलंच झालं. पण त्याच्यासोबत राखणदारीही गेली. शंभर हेक्टरखालचे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. कागदोपत्री लोकांचे निस्तार हक्क, म्हणजे वापराचे हक्क राहिले, पण पाळीवर टोपली घेऊन जायचं काम कुणाचंच राहिलं नाही. गाळ साचला, बेशरमची झुडपं माजली, देशी मासे कमी झाले. कुणाची तरी मालकी संपते तेव्हा जबाबदारी आपोआप सगळ्यांची होत नाही. ती नव्याने रुजवावी लागते.

आणि ती रुजवणारी माणसंही इथेच आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजासोबत तलावांचं काम उभं केलं. आधी ढिवरांना विचारलं गेलं: कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणती वनस्पती त्याला लागते, कोणती गेल्यापासून तो दिसेनासा झाला. मग बेशरम उपटली, तलावाच्या कोरड्या काठाची नांगरणी केली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामात ढिवर समाजातल्या बाया पुढे आल्या. ज्या घरांत मासेमारीच्या संस्थेची सभा म्हणजे पुरुषांचं काम समजलं जात होतं, तिथल्या बाया तलावावर काय लावायचं याचा निर्णय घेऊ लागल्या. पर्यावरणाचं काम घरातल्या मानाच्या पाटापर्यंत पोचतं, ते असं.

घरातल्या मूल्यांची एक वेगळी परीक्षा धानाच्या बांधीत होते. महाराष्ट्रात सारस पक्षी तगून आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. माणसाएवढ्या उंचीचा, करड्या अंगाचा आणि लाल डोक्याचा हा पक्षी जोडीने राहतो. जोडी शक्यतो आयुष्यभर टिकते, म्हणून लोककथांत आणि लग्नाच्या आशीर्वादांत त्याचं नाव येतं. पण आशीर्वादात सारस असणं सोपं आहे. ऐन रोवणीच्या हंगामात तो बांधीच्या मधोमध घरटं करतो, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो.

बांधीत गुडघाभर पाणी. एका रांगेत वाकून बाया रोवणा करताहेत, हातात पऱ्ह्यांची पेंडी, पाठीवर पाऊस. मध्येच धानाची रोपं आणि गवत उपटून रचलेला ढीग दिसतो, त्यावर दोन अंडी. नर-मादी जवळच उभी. ढिगाभोवतीचा धान उपटला गेलेला आहे, तो पुन्हा लावता येणार नाही. अंडी उबायला महिनाभर लागतो. तेवढे दिवस त्या कोपऱ्यात ना चिखलणी, ना निंदण, ना फवारणी, आणि पिल्लं चालती झाल्यावरही कुत्र्यांवर लक्ष. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने हे करायचं. गोंदियाच्या 'सेवा' या संस्थेने गेली कित्येक वर्षं अशा शेतकऱ्यांच्या घरी जाऊन, बांधावर बसून, घरट्यांची राखण करायला त्यांना सोबत घेतलं. त्यांना आता सारसमित्र म्हणतात. दर उन्हाळ्यात पाऊस पडायच्या आधी वनखातं आणि स्वयंसेवक पहाटे तलावाकाठी थांबून सारस मोजतात. परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांवर तेव्हा पक्ष्यांइतकीच माणसांची वर्दळ असते. सारस वाचला असेल तर त्यात ज्याने आपल्या बांधीतला धान सोडला त्याचा वाटा पहिला आहे.

इथून धोरणाकडे वळता येतं.

नागझिऱ्याचं अभयारण्य 1970 मध्ये झालं आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 मध्ये. नवेगावच्या त्या सुरुवातीच्या काळाचं सगळ्यात जिवंत चित्र मारुती चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकात आहे. वनाधिकारी म्हणून तिथे आलेल्या चितमपल्लींना कोलू पाटलाच्या वंशातले माधवराव पाटील डोंगरवार भेटले. रानाची, पाण्याची, पाखरांची बारीक माहिती त्यांच्याजवळ होती. खात्यातला शिकलेला माणूस गावातल्या जाणत्यासमोर विद्यार्थ्यासारखा बसतो, हे त्या नात्याचं मोल आहे. चितमपल्ली पुढे 2006 च्या सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. मराठीत पक्ष्यांना आणि रानाला जी शेकडो नावं त्यांनी मिळवून दिली, त्यांतली कितीतरी गोंड, ढिवर, कोहळी माणसांच्या तोंडून आलेली आहेत. पर्यावरणाचं धोरण लोकांच्या भाषेत लिहिलं गेलं असतं तर कसं दिसलं असतं, याचा नमुना म्हणून ते लेखन वाचावं.

डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही क्षेत्रं एकत्र करून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. राज्यातला तो पाचवा. नकाशावर तो एकसंध दिसत नाही. नागझिरा महामार्गाच्या उत्तरेला, नवेगाव दक्षिणेला, आणि मधून कोहमाऱ्याचा हाच महामार्ग जातो. पण वाघाला हे तुकडे जोडूनच जगावं लागतं. इथून कान्हा, पेंच, ताडोबा आणि इंद्रावतीकडे वाटा जातात. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा वाघ 2013 मध्ये महामार्ग, शेतं, नद्या ओलांडत उमरेड–करांडल्याला पोचला. त्याच्या मागे पर्यटक आले, गावांना काम मिळालं. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला आणि पुन्हा कधी दिसला नाही. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. चंद्रपुरात वाघ वाढले, माणसांशी संघर्ष वाढला. इथे मात्र जंगल असून वाघ कमी. म्हणून हा प्रयत्न. त्यानंतर तीनच महिन्यांत मुरदोलीच्या रस्त्यावर एक तरुण वाघ मेला. वाघीण ट्रकमधून आणून सोडता येते. तिच्या वंशाने रस्ता कसा ओलांडायचा, याची सोय त्याहून अवघड ठरते.

कायदा याबाबत गप्प नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात 2006 मध्ये झालेली दुरुस्ती सांगते की दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीनही मनाला येईल तशी दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही. त्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. याचा उपयोग कसा होतो ते पेंचजवळ दिसलं. नागपूर–शिवनी महामार्ग रुंद करायचा होता, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर प्राण्यांसाठी पुलाखालून नऊ वाटा बांधल्या गेल्या. त्यांतली सर्वांत लांब 750 मीटरची. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ, अस्वल असे अनेक प्राणी टिपले गेले. वर ट्रक, खाली वाघ, दोघांचीही वाट मोकळी. त्यासाठी खर्च आला, वेळ गेला, पण तो खर्च रस्ता वापरणाऱ्या साऱ्या देशाने मिळून केला. मूल्याचं ओझं वाटून घेणं म्हणतात ते हेच.

कारण एरवी हे ओझं जंगलाच्या काठच्या घरांवर पडतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठून बाया मोहफूल वेचायला जातात. अंधुक उजेड, वाकलेली पाठ, आणि त्याच वेळी वाघ-बिबट्या-अस्वल हिंडत असतात. फूल स्वच्छ दिसावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी सवय आहे. त्याने कधी कधी वणवा लागतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. दिवसभर पानं तोडायची आणि संध्याकाळी अंगणात सारं घर, म्हातारे आणि लेकरंसुद्धा, 70 पानांचा एकेक पुडा बांधत बसतं. या कमाईवर पावसाळ्याचं बियाणं आणि मुलांच्या वह्या येतात. या घरांना 'जंगलात जाऊ नका' असं सांगणं म्हणजे जगू नका असं सांगण्यासारखं आहे. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला तो या घरांचा हक्क मान्य करण्यासाठीच. व्याघ्र प्रकल्पाच्या काठच्या गावांत 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस आणि इतर सोयी दिल्या गेल्या. एका बाईचा सरपणासाठी रानातला फेरा वाचला, तर तिचा जीव आणि रानातली काडी दोन्ही वाचतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर कुटुंबाला आता 25 लाखांची मदत मिळते. पैशाने आई परत येत नाही. तरीही, तुमचा त्याग आम्ही गृहीत धरलेला नाही, एवढं राज्याने त्या घराला सांगणं गरजेचं होतं आणि ते उशिराने का होईना, सांगितलं गेलं.

घर आणि धोरण यांच्या मध्ये तिसरी जागा आहे, मंडपाची.

दिवाळी झाली, धान कापला, चुरणं झालं की झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीपर्यंत चालतो. नाटकमंडळ्यांचं माहेर म्हणजे वडसा, आजचं देसाईगंज. गावातलं मंडळ महिनोन्‌महिने आधी तिथे जाऊन नाटक ठरवतं. मग गावभर निरोप जातात. ज्या दिवशी नाटक, त्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, जावई येतो, मामा-मावश्या येतात, आणि सोयरिकीची बोलणीही त्याच दिवशी निघतात. रात्री जेवणं आटोपून, पोरांना चादरीत गुंडाळून सारं घर मंडपात जाऊन बसतं. नाटक उजाडेपर्यंत चालतं. रंगमंचाच्या पुढ्यातल्या खड्ड्यात वादक बसतात, बाजूला प्रॉम्प्टर. नट एका रात्री या गावी आणि दुसऱ्या रात्री पन्नास कोसांवर.

या नाटकांचे विषय पाहिले तर मराठी कुटुंबाच्या पाऊण शतकाच्या चिंतांची यादी हाती येते: हुंडा, दारू, भावाभावांतला जमिनीचा वाद, सासूचा जाच, सावकार, शिकून शहरात गेलेला आणि आई-बापाला विसरलेला मुलगा, जातीबाहेरचं प्रेम, भोंदू बाबा. संवाद ठसठशीत असतात, रडवणारे प्रवेश भरपूर असतात, मध्ये गाणी आणि विनोद. शहरी समीक्षेला हे भडक वाटतं. पण पाहणाऱ्यांच्या अंगाने विचार करायला हवा. रंगमंचावर दारुडा बाप लेकीचं पुस्तक विकतो तेव्हा मंडपात तशीच लेक आणि तसाच बाप शेजारी-शेजारी बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी नदीवर, पानठेल्यावर, बांधावर त्याच प्रवेशाची चर्चा होते. घरात जे तोंडावर बोलता येत नाही ते नाटकातल्या पात्राच्या नावाने बोललं जातं. कोणतंही प्रवचन एवढं करू शकत नाही. तुकडोजी महाराजांनी गावाच्या उभारणीचा विचार 'ग्रामगीते'त सोप्या भाषेत मांडला आणि तो सामुदायिक प्रार्थनेतून, भजनांतून विदर्भाच्या गावोगावी पोचवला, तो याच जाणिवेने: मूल्य लोकांच्या गळ्यात बसलं पाहिजे.

गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्याचे शेतकरी-नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. 5000 हून अधिक प्रयोग आणि शेकडो भूमिका त्यांच्या नावावर आहेत. दिवसा शेत आणि रात्री रंगमंच अशी ती कारकीर्द. 2022 मध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट याच रंगभूमीविषयी आला. बाहेरच्या जगाने दखल घेतली, याचा आनंद झाडीपट्टीला झाला.

मात्र मंडपातही सारं निर्मळ नाही. काही ठिकाणी नाटकाच्या जागी 'डान्स हंगामा' शिरला. पोरांना आणि लेकींना सोबत घेऊन बसता येणार नाही असे कार्यक्रम तिकीट लावून झाले, पोलिसांत प्रकरणं गेली. सहकुटुंब पाहण्याची जागा फक्त पुरुषांची होते तेव्हा गाव काय गमावतं, हे झाडीपट्टीतल्या ज्येष्ठ कलावंतांनी कळवळून सांगितलं आहे. यात सोवळेपणाचा मुद्दा नाही. ज्या मंडपात गावाची आई-बहीण बसत नाही, तिथे गावाचं बोलणं थांबतं.

शंकरपटाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. झाडीपट्टीत पट आणि नाटक जोडीने येतात. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री प्रयोग. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा केला. 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा योग्य ठरवला. या नऊ वर्षांत दोन्ही बाजूंना नीतीच बोलत होती. एक म्हणत होती, टोचणी, चाबूक, शेपटी पिरगाळणं हा छळ आहे आणि परंपरेच्या नावाने तो चालणार नाही. दुसरी म्हणत होती, बैलाला पोटच्या पोरासारखा जपणारा शेतकरीच देशी गोवंश राखतो, आणि पट गेला तर ट्रॅक्टरच्या जमान्यात बैल कोण पाळणार. न्यायालयाने दोघांचं ऐकलं. आता शर्यत होते, पण टोचणी चालत नाही. नियम पाळला जातो की नाही, हे पाहणं पट भरवणाऱ्या गावाचं काम आहे. तहसीलदार प्रत्येक बैलामागे उभा राहू शकत नाही.

इथेच तिन्ही जागा एकमेकींना धरतात. गोत्राचा नियम घरात होता म्हणून रानाला आधार होता. तलावाची राखणदारी धोरणाने काढून घेतली आणि दुसऱ्या कुणाला दिली नाही, म्हणून तलाव गाळाने भरले. सारसाला कायद्याने संरक्षण आहे, पण त्याची अंडी बांधीतल्या शेतकऱ्याने वाचवली. पेंचमध्ये धोरणाने खर्च उचलला म्हणून वाघ सुखरूप ओलांडतो. मुरदोलीत वेगावर ना रस्त्याने लगाम घातला, ना चालवणाऱ्याच्या मनाने. आजवर निसर्गाचं देणं जंगलाकाठच्या बायांनी, ढिवरांनी, छोट्या शेतकऱ्यांनी फेडलं. महामार्गावरून वाऱ्याच्या वेगाने जाणाऱ्यांनी, वीज आणि लाकूड वापरणाऱ्यांनी, मोबाइलवर वाघ पाहून हळहळणाऱ्यांनी आपला वाटा अजून पुरता उचललेला नाही. हा या पुस्तकाचा निष्कर्ष आहे आणि तो सुरुवातीलाच सांगायला हरकत नाही.

पुढच्या पानांत वाचकाला घर, रान आणि मंडप या तीन भागांतून जावं लागेल. काही ठिकाणी झाडीपट्टी सोडून विषय कोकणात, मराठवाड्यात, मुंबईच्या चाळीत आणि परदेशातल्या मराठी घरांतही जातो, कारण प्रश्न सगळीकडचा आहे. पण कसोटी हीच राहील: कोणत्या मूल्यासाठी कोण काय सोडायला तयार झालं.

वाचकाला एक विनंती आहे. कधी नागपूर–रायपूर प्रवासात कोहमारा लागला तर फाट्यावर थांबा. हिवाळा असेल तर जवळच्या कुठल्या गावात आज नाटक आहे ते विचारा, आणि जमलं तर पहाटेपर्यंत बसा. पावसाळा असेल तर बांधीत रोवणा करणाऱ्या बायांकडे पाहा. आणि रात्री मुरदोलीच्या रस्त्याने गोंदियाला निघालात, तर जंगल संपेपर्यंत गाडीचा वेग चाळीसच्या वर जाऊ देऊ नका.